बांधाची पाठ

रविवारी सकाळी आमच्या तळ्याच्या बांधावर पाय ठेवायला जागा नसते. बेळगावहून गाड्या येतात, टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला असणारी पोरं सुट्टी बघून दुचाकीवरनं येतात, बांधाच्या तोंडाशी चहा आणि भज्यांची गाडी लागलेली असते, पायडल बोटीला लाईन असते, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढी माणसं उभी असतात तेवढ्यांची तोंडं एकाच बाजूला, पाण्याकडं. साहजिकच आहे. पाणी आहेच तसं, मागं जांबोटीकडचे डोंगर, सकाळचं धुकं, मधेच एखादी पाणकोंबडी. मी पण लहानपणापासून तसाच पाण्याकडं तोंड करून उभा राहत आलोय.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात धाकट्या मुलीचा बॉल पलीकडं, शेताच्या अंगाला गेला म्हणून मी खाली उतरलो. घाणेरी एवढी माजलेली की हातानं बाजूला करत करत उतरावं लागलं. सगळीकडं गवत वाळून कोळ झालेलं, पायाखाली कडकड मोडणारं, आणि बांधाच्या अगदी बुडाशी, एखाद्या घरापुढच्या अंगणाएवढ्या जागेत, गवत हिरवंगार. पाय टाकला तर चप्पल रुतली. बॉल तिथंच पडला होता, ओला.

मी तिथं किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक. मुलगी वरनं हाका मारत होती.

माझा आज्जा या तळ्याच्या तुबावर होता. तूब म्हणजे बांधाच्या पोटातनं शेताला पाणी सोडायची मोरी, हा शब्द कानडीतला, पण आमच्याकडं मराठी घरात पण तूबच म्हणतात. दोन दगडी खांब, मधे लोखंडी गज, गजाच्या खाली दट्ट्या, तो उचलायचं काम आज्जाकडं, म्हणजे कुणाच्या वाफ्याला किती पाणी, किती वेळ, हे त्याच्या हातात. आज्जा बांधाबद्दल बोलायचा ते गुराबद्दल बोलावं तसं. पाण्याकडची बाजू म्हणजे बांधाचं पोट आणि शेताकडची बाजू म्हणजे पाठ. "पोट रोज दिसतंय, पाठ कोण बघणार?" असं म्हणून तो रोज येताना वरनं न येता खालनं, पाठीकडनं चालत यायचा. लहानपणी मला ते कळायचं नाही, वाटायचं म्हाताऱ्याला सावलीतनं चालायचं असेल.

आणि दरवर्षी शिमगा झाला की तळं रिकामं व्हायचं. मुद्दाम कोण करायचं नाही, शेताला देता देताच संपायचं. मग उरलेल्या चिखलात गाव मासे धरायला उतरायचं, त्यानंतर बैलगाड्या लागायच्या गाळ न्यायला, कारण तो गाळ म्हणजे फुकटचं खत, आणि गाळ काढताना बांधाचं पोट वरपासनं खालपर्यंत उघडं पडायचं. लाटांनी घसरलेले पिचिंगचे, म्हणजे माती धुपू नये म्हणून पोटावर रचलेले दगड परत बसवायचे, कुर्ल्यांची बिळं दिसली की खणून माती ठोकून भरायची, तुबाचा दट्ट्या बाहेर काढून तपासायचा. याला कुणी इन्स्पेक्शन म्हणायचं नाही. शेतीच्या कामाचाच तो भाग होता. पण आज विचार केला तर कळतं की वर्षातनं एकदा शंभर दीडशे माणसं त्या बांधाचा इंच न् इंच बघत होती, आणि तेसुद्धा अशी माणसं ज्यांची भाताची खाचरं त्याच बांधाच्या खाली होती.

मग बोअर आल्या. तळ्याच्या पाण्याची गरज कमी झाली, पाळ्या बंद झाल्या, तूब गंजला. गाळ न्यायला कोण येईना कारण बैलच राहिले नाहीत. आज्जा गेला. तळ्याला काही वर्षं कोणी विचारत नव्हतं, आणि मग एक दिवस सुशोभीकरण आलं. मला ते आवडलं होतं हे सांगितलं पाहिजे. बांधावर पेव्हर बसले, बाकं आली, दिव्याचे खांब आले, दोन्ही बाजूला गुलमोहर लागले, बोटी आल्या, गावातल्या चार-पाच घरांना रोजगार मिळाला आणि आमच्या गावाचं नाव बेळगावातल्या लोकांच्या तोंडी आलं. माझी दोन्ही मुलं त्या बोटीत बसून मोठी झाली.

पण आता तीच यादी मी आज्जाच्या डोळ्यांनी वाचतो तेव्हा पोटात गोळा येतो. खांबांसाठी बांधाच्या माथ्यावर खड्डे खणले, वायर टाकायला माथ्यावरनं लांबच लांब चर काढली आणि ती नुसती माती लोटून बुजवली, ठोकून नाही, म्हणजे पावसाचं पाणी बांधात शिरायला वाट झाली. गुलमोहर वाढले, त्यांची मुळं बांधात. झाड जिवंत असेपर्यंत वाऱ्यानं उपटून पडलं तर माथ्याचा लचका घेऊन पडतं, आणि मेलं की आतली मुळं कुजून पोकळ नळ्या तयार होतात, त्या नळ्यांना पाण्यानं आपलं म्हणायला वेळ लागत नाही. बोटींना खोल पाणी पाहिजे म्हणून सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेच्या तोंडावर वाळूची पोती रचली, हातभर पाणी वाढलं. मासे सोडले होते ते पावसात वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी बसवली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तळं परत कधी रिकामंच झालं नाही. बारमाही भरलेलं तळं बघायला छान वाटतं, पण पंधरा-सोळा वर्षांत त्या बांधाचं पोट एकाही माणसानं बघितलेलं नाही असा त्याचा अर्थ आहे.

यातलं एकही काम वाईट हेतूनं झालेलं नाही. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

मे महिन्यातल्या त्या ओल्या चपलेनंतर मी वाचायला लागलो. रात्री जेवण झालं की मोबाईल घेऊन बसायचो, बायको म्हणायची आता इंजिनियर होणार काय या वयात. तेव्हा अमेरिकेतल्या साउथ फोर्क धरणाची गोष्ट वाचली आणि ती वाचून मला झोप लागली नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातलं मातीचं धरण, 22 मीटर उंच, मुळात सरकारनं कालव्याला पाणी द्यायला बांधलेलं. पुढं रेल्वे आली, कालव्याची गरज संपली, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकानं बुडातले पाणी सोडायचे लोखंडी पाईप काढून भंगारात विकले. मग 1879 च्या सुमाराला श्रीमंत लोकांच्या एका क्लबनं ते विकत घेतलं, मासेमारी करायला, शिडाच्या होड्या चालवायला, उन्हाळ्यात हवा खायला. अँड्र्यू कार्नेगी पण त्या क्लबात होता. त्यांनी काय केलं, तर माथ्यावरनं दोन घोडागाड्या एकमेकींशेजारनं जाव्यात म्हणून माथा थोडा कापून रुंद केला, म्हणजे धरण तेवढं बुटकं झालं. आणि सांडव्याला जाळ्या लावल्या. का, तर मासे जाऊ नयेत म्हणून.

हे वाचताना मी मोबाईल खाली ठेवला. शेकडो मैलांचं नव्हे, समुद्रापलीकडचं आणि सव्वाशे वर्षांच्या वर जुनं, आणि जाळी मात्र तीच, आमच्या सांडव्यावरची.

31 मे 1889 ला तिथं मोठा पाऊस झाला. जाळ्यांत फांद्या-पाला अडकून सांडवा तुंबला, बुडातनं पाणी सोडावं तर पाईप नाहीत. माणसं सकाळपासनं जाळ्या मोकळ्या करायला धडपडत होती, दुसऱ्या टोकाला नवा चर खणत होती, काही उपयोग झाला नाही, पाणी माथ्यावरनं गेलं आणि दुपारनंतर धरण गेलं. खाली जॉन्सटाउन नावाचं गाव होतं, 2,209 माणसं मेली. त्या दिवशी धोक्याच्या तारा पाठवलेल्या होत्या, पण अशा तारा आधी पण कितीदा आल्या होत्या आणि धरण काही फुटलं नव्हतं, म्हणून लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही.

कुणी म्हणेल ते 22 मीटर, तुमचं केवढं. खरं आहे, आमचा बांध जास्तीत जास्त सात मीटर, दोन मजली घराएवढा. पण जॉर्जिया राज्यात केली बार्न्स म्हणून लहानसं धरण होतं, आधी विजेसाठी होतं, 1957 नंतर नुसतं फिरायला-पोहायला ठेवलेलं, उतारावर झाडं माजलेली, ते 6 नोव्हेंबर 1977 ला मध्यरात्रीनंतर फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या वसाहतीत 39 जणं गेली, त्यात लहान मुलं किती तरी. आणि मी आमच्या तळ्याचा हिशोब घातला. साधारण दहा एकर पाणी, सरासरी तीन मीटर खोल धरलं तर बारा कोटी लिटर होतात, म्हणजे एक लाख वीस हजार टन. दहा टनी ट्रकच्या बारा हजार खेपा. ते सगळं वजन एका मातीच्या ढिगाला टेकून उभं आहे, आणि त्या ढिगाच्या पाठीकडं साठ घरं आणि एक शाळा आहे.

आमच्या बाबांची मावशी पुण्यात होती, पानशेत फुटलं तेव्हा, 12 जुलै 1961. ते पण मातीचंच धरण, काम पुरं व्हायच्या आधी पाणी अडवलेलं. मावशी सांगायची की पाणी आलं ते वरनं पडलं नाही, खालनं चढत आलं, जिन्याच्या एकेक पायरीवर. आणि तिवरे तर परवाचं, 2 जुलै 2019 ची रात्र, चिपळूण तालुक्यातली भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं. गावानं गळतीची तक्रार आधीच केली होती. नंतर मंत्री म्हणाले खेकड्यांनी धरण पोखरलं आणि त्यावर महाराष्ट्रभर लोक चिडले. चिडणं बरोबरच होतं, पण मला आज एक सांगावंसं वाटतं, खेकडा मातीचा बांध पोखरतो ही गोष्ट आमच्या आज्जाला पण माहीत होती, कुर्ली आणि घूस हे त्याचे जन्माचे वैरी होते. प्रश्न खेकड्याचा नाहीच, दरवर्षी ते बीळ शोधून बुजवणारा माणूस कुठं गेला हा आहे.

बांधाच्या पाठीला लागूनच ज्यांचं शेत आहे ते आमचे मामा, कानडी माणूस, ऐंशीच्या घरात, आज्जाच्या हाताखाली पोरवयात काम केलेलं. ती हिरवी जागा मी त्यांना दाखवली तर ते म्हणाले, "हे मला म्हाईत हाय की, चार वर्सं झाली." मी म्हटलं मग सांगितलं का नाही कुणाला. ते म्हणाले, "कुणाला सांगू? कोण खाली येतंय?"

मग त्यांनी मला बसवून शिकवलं. मातीचा बांध गळतोच, न गळणारा बांध नसतो, पाणी आतनं हळूहळू झिरपत पाठीकडं येतं, त्यात घाबरायचं काही नाही. बघायचं ते एवढंच की पाणी कसं येतंय. "नीर बंद्र बरली, मण्ण बरबारदु," ते म्हणाले. पाणी आलं तर येऊ दे, माती येता कामा नये. नितळ पाणी म्हणजे बांध घाम गाळतोय, गढूळ पाणी म्हणजे बांध झिजतोय, आतनं कण कण वाहून चाललेत, आणि जिथनं कण गेले तिथं नळी होते, नळीतनं पाणी जोरात येतं, जोरात आलेलं पाणी आणखी माती नेतं, आणि एकदा ते सुरू झालं की काही तासांचा खेळ. पुस्तकात याला पायपिंग म्हणतात. मातीची धरणं जातात ती मुख्यतः दोनच तऱ्हांनी, एक पाणी माथ्यावरनं जाऊन, दुसरी ही, आतनं.

बिसलेरीच्या बाटलीचं लेबल काढून मी ते पाणी धरलं आणि रात्रभर खिडकीत ठेवलं. सकाळी बघितलं तर बुडाला काही नाही, अगदी स्वच्छ. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. तेव्हापासनं आम्ही वही केली. ओल्या जागेपासनं हातभर लांबीची चर काढली, तिच्या तोंडाला पन्हाळीचा तुकडा बसवला आणि खाली दहा लिटरची बादली. बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघायचं आणि लिहायचं, शेजारी तळ्याची पातळी, तुबाच्या खांबावरच्या कितव्या दगडाला पाणी आहे ती. ओली जागा कुठवर आहे तिथं खुंट्या मारायच्या. बस एवढंच. पहिल्या श्रावणात तळं काठोकाठ असताना बादलीला पन्नास सेकंद लागत होते.

दरम्यान मी अर्ज दिले. अर्ज कानडीत मामांनी लिहिला, माझं कानडी बोलण्यापुरतं. मी बांध म्हणायचो, ते एरी लिहायचे, मी सांडवा म्हटलं की ते कोडी लिहायचे, असं करत करत दीड पान झालं. पहिल्या ऑफिसात सांगितलं हे तळं आमच्या यादीत नाही. दुसऱ्यात सांगितलं बांध आमचा पण बाग आमची नाही. तिसऱ्यात सांगितलं बोटीचं आमच्याकडं, बांधाचं नाही. कुणी उद्धटपणे बोललं नाही, चहा पण दिला एका ठिकाणी.

धरण सुरक्षेचा कायदा आहे की आपल्याकडं, 2021 चा, त्या वर्षीच्या 30 डिसेंबरपासनं लागू झाला. पण तो 15 मीटरच्या वरच्या धरणांना लागतो, 10 ते 15 मीटरमधलं असेल तर लांबी, साठा असल्या काही अटी बसल्या तरच. हिडकलचा राजा लखमगौडा जलाशय त्यात येतो, मलप्रभेवरचं नविलतीर्थ येतं, आणि ते यायलाच पाहिजेत. पण सात मीटरचं तळं कुठंच येत नाही. 2023 ला सरकारनं देशभरातल्या पाणवठ्यांची गणना प्रसिद्ध केली, 24 लाखांच्या वर आकडा आला, आणि मोठी धरणं असतील सहा हजारांच्या वर. त्या 24 लाखांत शेततळी, डबकी सगळंच आलं, ते मान्य. तरी या दोन आकड्यांच्या मधे आमच्यासारखी किती तळी असतील, मातीच्या बांधाची, खाली वस्ती असलेली, ज्यांची वही कुणी ठेवत नाही, याचा विचार केला की मन सुन्न होतं.

गेल्या वर्षीच्या आषाढात सलग चार दिवस पाऊस लागला. आमचा खानापूर तालुका पावसाचाच, कणकुंबीकडं तर विचारूच नका, पण त्या चार दिवसांत आकाश उघडलंच नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मामांचा फोन, "बादली घेऊन ये." गेलो. छत्री धरून मामा उभे, बादली लावली, पस्तीस सेकंद. पातळी श्रावणातलीच, त्याच दगडाला, आणि सेकंद पन्नासाचे पस्तीस. पावसाचं पाणी पाठीवरनं वाहून त्यात मिसळत असणार म्हणून आम्ही चरीच्या वरच्या अंगाला मातीची वरंब केली आणि परत लावली. अडतीस. बाटलीत धरलं, बॅटरी मारली, पाण्यात चहात दूध घालावं तशी पांढुरकी छटा.

माझा एक मित्र पाटबंधाऱ्याच्या कामांवर असतो, त्याला फोन लावला. तो म्हणाला पहिली गोष्ट, ते तोंड बुजवू नका. माती, पोती, काही कोंबू नका, पाणी दुसरीकडनं फुटेल. जाड वाळू टाका, वर बारीक खडी, त्याच्यावर मोठी खडी आणि दगड, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. दुसरं, घाबरून तूब एकदम उघडू नका. पाणी झपाट्यानं उतरलं तर पोटाकडची भिजलेली माती आधार सुटून घसरते. सांडव्यावरची पोती काढा, जाळी काढा, हळूहळू उतरू दे. आणि तिसरं, खालच्या घरांना आत्ताच सांगा, सकाळची वाट बघू नका.

त्या रात्रीचं मला सगळं आठवतं पण क्रमानं आठवत नाही. चुलतभाऊ घरोघर गेला, शाळेच्या वरच्या वर्गात बायका-मुलं नेऊ म्हणाला तर मामा ओरडले, "शाळा पण खालीच हाय रे!" मग सगळ्यांना टेकावरच्या देवळात नेलं. एका घराच्या बांधकामाला आलेली वाळू आणि खडी होती, मालकाला उठवलं, तो म्हणाला न्या, ट्रॅक्टर चिखलात रुतला म्हणून शेवटची खेप टोपल्यांनी नेली. सांडव्याच्या जाळीत नीलगिरीच्या फांद्या, प्लास्टिक, चपला, थर्माकोलचे तुकडे, गेल्या गणपतीच्या मखराचे असतील, असा एक भिंतीसारखा थर बसलेला. कमरेला दोर बांधून दोन पोरं उतरली, पकडीनं तार तोडली, आणि तो गठ्ठा सुटून गेला तेव्हा जो आवाज झाला तो मी अजून विसरलो नाही. पोती एकेक करून काढली. पहाटेपर्यंत पाणी वीतभर उतरलं होतं.

माथ्यापासनं पाणी किती खाली होतं ते मी दिवस उजाडल्यावर मोजलं. उतरल्यानंतर दीड वीत. म्हणजे रात्री फक्त अर्धी वीत.

वाळू-खडीतनं पाणी येत होतं, नितळ.

त्यानंतर एक झालं, एक तरुण इंजिनियर आला. कुठल्या ऑफिसचा ते सांगत नाही, पण तो गाडीतनं उतरून आधी खाली गेला, पाठीकडं, बूट काढून. वही बघितली आणि पान न् पान मोबाईलवर फोटो काढले. म्हणाला, मला असलं रेकॉर्ड मोठ्या धरणांवर मिळतं, इथं पहिल्यांदा. त्यानंच पाठपुरावा करून परवानगी आणली, की यंदा शिमग्यानंतर तळं रिकामं करायचं, रोज थोडं थोडं, आणि बांध उघडा करून दुरुस्त करायचा. बोटीवाल्यांचं नुकसान होणार होतं, ते नाराज होते, त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्यातलाच एक जण त्या रात्री दोर बांधून उतरलेला, त्यानं बाकीच्यांना समजावलं.

दीड महिना लागला तळं उतरायला. तुबाचा दट्ट्या गंजून बसला होता, तो काही हलला नाही, शेवटी सायफननं पाणी काढलं. आणि या वैशाखात, इतक्या वर्षांनी, मी बांधाचं पोट बघितलं. पाणी भरलेलं असताना जे एवढं शांत दिसायचं त्याच्या खाली काय चाललं होतं! पिचिंगचे दगड मधल्या पट्ट्यात सगळे घसरून बुडाशी ढीग झालेले, लाटांनी मातीत एक पायरी कापलेली, गुडघाभर उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुलमोहराचं एक मूळ, मनगटाएवढं, पोटातनं बाहेर येऊन लोंबत होतं. आणि बिळं. मी चौऱ्याऐंशीपर्यंत मोजली आणि सोडून दिली.

रविवारी गाड्या आल्याच. लोक बांधावर उभे राहून विचारत होते, बोटिंग बंद काय, पाणी कुठं गेलं, आणि चिखलाचे फोटो काढून परत जात होते. दोन-चार जण मात्र खाली उतरले. शहापूरहून आलेला एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा होता, त्यानं मामांना विचारलं हे भोक कुणाचं. मामा म्हणाले कुर्लीचं. किती आत जातं? मामांनी कळकाची काठी त्याच्या हातात दिली आणि बीळ दाखवलं, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, नेमकं पलीकडच्या ओल्या जागेच्या समोरचं. पोरगा काठी सारत गेला, सारत गेला, त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा आईनं ओरडून मागं ओढलं. काठी साडेपाच फुटांची. मामांनी दुसरी मागवली, तिला पहिली सुंभानं बांधली आणि परत सारली. नऊ फुटांवर काहीतरी लागलं, मऊ.

"अजून आत हाय," मामा म्हणाले, आणि काठीच्या टोकाला लाल फडकं बांधून ती तशीच ठेवली.

ते बीळ आता खणायला घेतलंय. नुसतं तोंड बुजवून चालत नाही, पूर्ण उघडं करून, कडा तिरप्या तासून, तीच चिकणमाती टाकायची, वीतभराचा थर, ओल एवढीच की मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि हाताला चिकटू नये, आणि ठोकायची. इंजिनियरनं छोटं मशीन आणलंय ठोकायला, पण खोल चरीत ते शिरत नाही. मग माळ्यावरनं आज्जाची धुमस काढली. दांडा कुजलेला होता, लोखंड शाबूत. सुताराकडनं बाभळीचा नवा दांडा घालून घेतला. मृग जवळ आलाय, अजून साठ-सत्तर बिळं शिल्लक आहेत, आणि सकाळी सहाला आम्ही पाच-सहा जणं खाली असतो. मामा वर बसतात आणि प्रत्येक थर झाला की मला थांबवून तिथं टाच दाबून बघतात.